देशाबाहेर उभा राहिलेला समाज : निर्वासित तिबेटी बांधवांचे राजकीय कार्य व सांस्कृतिक जीवन

प्रास्ताविक

थंडी सुरू झाली की आपल्या नागपूर, पुणे, नाशिक अशा शहरांत एखाद्या मैदानावर वा रस्त्याच्या कडेला लोकरी कपड्यांची दुकाने लागतात. कोणी त्यांना 'तिबेटी मार्केट' म्हणतो, कोणी 'ल्हासा मार्केट' म्हणतो. आपण तेथे जातो, घासाघीस करून स्वेटर घेतो आणि परत येतो. परंतु हे विक्रेते कोण आहेत, ते कोठून आले, हिवाळा संपल्यावर ते कोठे जातात आणि वर्षातील उरलेल्या काळात ते काय करतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

हे सर्वजण आपलेच धम्मबांधव आहेत. १९५९ साली आपला देश सोडून त्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा भारतात आले. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्यांना परत जाता आलेले नाही. एवढ्या काळात एखादा समाज सहज विखुरला असता, आपली भाषा विसरला असता आणि आसपासच्या लोकांत मिसळून नाहीसा झाला असता. तिबेटी समाजाचे तसे झाले नाही. ते का झाले नाही, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे. संस्था चालविणाऱ्या कार्यकर्त्यांना व शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या अभ्यासातून पुष्कळ घेण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

१. देश का सोडावा लागला?

१९५० च्या ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्याने पूर्व तिबेटमध्ये प्रवेश केला. २३ मे १९५१ रोजी पेकिंग येथे सतरा कलमी करार झाला. त्यानुसार तिबेटचा समावेश चीनमध्ये करण्यात आला आणि तेथील धर्म व अंतर्गत व्यवस्था जशीच्या तशी ठेवण्याचे आश्वासन देण्यात आले. हा करार आपल्यावर लादण्यात आला, अशी तिबेटी लोकांची भूमिका आहे. पुढील आठ वर्षांत ते आश्वासन फोल ठरले. १० मार्च १९५९ रोजी ल्हासा शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. १७ मार्चच्या रात्री चौदावे दलाई लामा तेन्झिन ग्यात्सो यांनी ल्हासा सोडले आणि ३१ मार्चला ते भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार लोक हिमालय ओलांडून भारत, नेपाळ व भूतानमध्ये आले.

या संकटाची चाहूल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आधीच लागली होती. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात तिबेटविषयी करार झाला. त्यातच पंचशीलाची तत्त्वे मांडण्यात आली होती. त्यानंतर २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना बाबासाहेबांनी त्या धोरणावर कठोर टीका केली. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्यामुळे चीनची सीमा भारताला येऊन भिडली आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९६२ सालच्या युद्धाने तो इशारा किती दूरदर्शी होता हे दाखवून दिले.

आणखी एक योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेचा ऐतिहासिक सोहळा झाला. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, तरुण दलाई लामा २५०० व्या बुद्ध जयंतीच्या सोहळ्यासाठी भारतात आले होते. एकाच वर्षी एका समाजाने धम्माचा स्वीकार करून नवजीवन सुरू केले, तर दुसरा बौद्ध समाज आपला देश गमावण्याच्या उंबरठ्यावर उभा होता.

२. रस्त्यावरील छावणीपासून वसाहतीपर्यंत

आलेल्या निर्वासितांना प्रथम आसाममधील मिसामारी व बंगालमधील बक्सा दुआर येथील छावण्यांत ठेवण्यात आले. थंड, कोरड्या पठारावर वाढलेल्या या लोकांना दमट हवा व उन्हाळा सोसला नाही. क्षय व इतर रोगांनी अनेकजण दगावले. धडधाकट स्त्री-पुरुषांना हिमालयातील रस्तेबांधणीच्या कामावर पाठविण्यात आले. खडी फोडणाऱ्या आईबापांची मुले रस्त्याच्या कडेला तंबूत राहत. आचार्य कृपलानी यांच्या नेतृत्वाखाली मध्यवर्ती मदत समिती स्थापन झाली आणि जयप्रकाश नारायण यांनी तिबेटच्या बाजूने देशभर जनमत जागृत केले.

या काळात पंतप्रधान पं. नेहरू व दलाई लामा यांनी घेतलेले दोन निर्णय पुढील सर्व इतिहासाचा पाया ठरले. पहिला निर्णय असा की, या लोकांना देशभर विखरून न टाकता त्यांच्या स्वतंत्र वसाहती कराव्यात. दुसरा असा की, त्यांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढाव्यात व तेथे आधुनिक विषयांबरोबर तिबेटी भाषा शिकवावी. म्हैसूर राज्याने बायलकुप्पे येथे सुमारे तीन हजार एकर जमीन देऊ केली. तेथे जंगल साफ करून पहिली मोठी वसाहत उभी राहिली. त्यानंतर मैनपाट, मुंडगोड इत्यादी ठिकाणी वसाहती झाल्या.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक वसाहत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ साली 'नॉर्ग्येलिंग' ही वसाहत स्थापन झाली. त्या वेळी हा भाग भंडारा जिल्ह्यात असल्याने तिबेटी लोकांत ती आजही 'भंडारा वसाहत' म्हणूनच ओळखली जाते. याक व मेंढ्या पाळणाऱ्या, सातू पिकविणाऱ्या लोकांनी विदर्भाच्या उन्हात धानाची शेती शिकून घेतली. शेतीवर वर्ष निभत नाही म्हणून हिवाळ्यात लोकरी कपड्यांची विक्री करणे हा तेथील अनेक कुटुंबांचा जोडधंदा झाला. लुधियानाच्या गिरण्यांतून माल घ्यायचा आणि तीन-चार महिने परगावी राहून विकायचा, असा हा क्रम आहे.

३. मतपेटीची दीक्षा

तिबेटी समाजाच्या वाटचालीतील सर्वांत महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो. जुना तिबेट म्हणजे काही आदर्श राज्य नव्हते. जमिनीची मालकी सरदार घराणी, मोठे मठ व शासन यांच्याकडे होती. सामान्य शेतकऱ्याला कारभारात मत नव्हते. मतदान ही गोष्टच त्या समाजाला अज्ञात होती. स्वतः दलाई लामांनीही जुन्या व्यवस्थेतील दोष वेळोवेळी मान्य केले आहेत.

निर्वासित होऊन दीड वर्षही झाले नव्हते, बहुतेक लोक अजून रस्त्यावर खडी फोडत होते, अशा वेळी निवडणूक घेण्यात आली. २ सप्टेंबर १९६० रोजी तिबेटच्या इतिहासातील पहिल्या निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींनी शपथ घेतली. प्रतिनिधी तेरा होते. तिबेटच्या तीन पारंपरिक प्रांतांचे प्रत्येकी तीन व चार बौद्ध संप्रदायांचे प्रत्येकी एक, अशी ती रचना होती. हा दिवस तिबेटी समाज दरवर्षी 'लोकशाही दिन' म्हणून पाळतो.

१० मार्च १९६३ रोजी भावी तिबेटसाठी राज्यघटनेचा मसुदा जाहीर झाला. विशिष्ट परिस्थितीत बहुमताने दलाई लामांचे अधिकारही काढून घेता येतील, अशी तरतूद त्यात होती. लोकांना ती मुळीच रुचली नाही. आपल्या धर्मगुरूंविरुद्ध असे कलम लिहिणेच त्यांना पाप वाटले. परंतु दलाई लामांनी आग्रहाने ते कलम ठेवून घेतले. व्यक्ती कितीही पूज्य असली तरी ती कायद्याच्या वर नसते, हा धडा येथे अनुयायांना त्यांच्या नेत्यानेच दिला. राजकारणातील विभूतिपूजा अधोगतीकडे नेते, असे बाबासाहेबांनी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या भाषणात बजावले होते. त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

यानंतरचे टप्पे विद्यार्थ्यांनी क्रमाने लक्षात ठेवावेत. १९९१ साली निर्वासितांची सनद संमत झाली व मंत्रिमंडळ प्रतिनिधीगृहाला जबाबदार झाले. १९९२ साली न्याय आयोग स्थापन झाला. २००१ साली प्रशासनाच्या प्रमुखाची निवड थेट जनतेच्या मतांनी झाली व भिक्षू-विद्वान समधोंग रिंपोछे निवडून आले. २०११ साली दलाई लामांनी आपले सर्व राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्याकडे सोपविले आणि लोबसांग सांगे यांनी प्रमुखपदाची शपथ घेतली. सतराव्या शतकापासून धर्मसत्ता व राजसत्ता एकाच गादीकडे होत्या. ती परंपरा त्या गादीवरील व्यक्तीनेच स्वेच्छेने संपविली.

आज प्रमुखाला 'सिक्योंग' असे म्हणतात. २०२१ सालच्या निवडणुकीत पेन्पा त्सेरिंग या पदावर निवडून आले. त्या वेळी ८३ हजारांहून अधिक मतदारांनी नाव नोंदविले होते व सुमारे ६४ हजारांनी मत दिले. हे मतदार एका देशात राहत नाहीत. भारत, नेपाळ, युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे पसरलेल्या वस्त्यांत मतदान होते आणि मतांची बेरीज धरमशाला येथे केली जाते. पंचेचाळीस सदस्यांच्या प्रतिनिधीगृहात परदेशस्थ तिबेटींसाठीही जागा राखून ठेवलेल्या आहेत. या शासनाला जगातील कोणत्याही राष्ट्राने मान्यता दिलेली नाही. तिच्याकडे भूमी नाही, सैन्य नाही, पोलीस नाहीत. लोक स्वेच्छेने मानतात म्हणूनच ती चालते.

४. हिरव्या पुस्तिकेचे महत्त्व

कोणतीही संस्था केवळ सदिच्छेवर चालत नाही, तिला पैसा लागतो. हे आपल्या मंडळींना वेगळे सांगावयास नको. तिबेटी समाजाने यासाठी १९७२ साली एक पद्धत सुरू केली. प्रत्येक तिबेटी व्यक्तीने दरवर्षी ठरावीक रक्कम प्रशासनाला द्यावयाची. या वर्गणीला ते 'चत्रेल' म्हणतात. तिची नोंद एका हिरव्या पुस्तिकेत होते. ही वर्गणी ऐच्छिक आहे, दिली नाही म्हणून कोणी जप्ती आणत नाही. परंतु मतदान करावयाचे, निवडणुकीस उभे राहावयाचे, मुलांसाठी प्रशासनाची शिष्यवृत्ती मागावयाची, तर पुस्तिकेतील नोंदी पूर्ण असाव्या लागतात.

भारतातील स्वेटर विक्रेत्यापासून न्यूयॉर्कमधील परिचारिकेपर्यंत सर्वांकडे तीच पुस्तिका असते. रक्कम अल्प असते, पण तिचे मोल मोठे आहे. 'मी या समाजाचा आहे' हे ती पुस्तिका दरवर्षी नव्याने सांगत असते. देणगीदार बदलतात, सरकारी अनुदाने थांबतात. सभासदाने स्वतःहून दिलेली वर्गणी मात्र संस्थेला स्वाभिमान देते.

५. जगाच्या दरबारात

आपले म्हणणे जगापुढे मांडण्याचे काम तिबेटी समाजाने पहिल्या दिवसापासून केले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९५९, १९६१ व १९६५ असे तीन ठराव तिबेटविषयी संमत केले. त्यांपैकी १९६१ च्या ठरावात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्या दोन वेळी भारत तटस्थ राहिला. १९६५ मध्ये मात्र भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. त्या वेळी आमसभेत भारताची बाजू मांडणारे प्रतिनिधी महाराष्ट्राचे डॉ. रफीक झकेरिया होते. १९७१ साली कम्युनिस्ट चीनला संयुक्त राष्ट्रांत स्थान मिळाले आणि त्यानंतर आमसभेत असा ठराव झाला नाही.

राष्ट्रांचे दरवाजे बंद झाल्यावर तिबेटींनी लोकांचे दरवाजे ठोठावले. संसद सदस्य, विद्यापीठे, मानवी हक्क संघटना, बौद्ध मंडळे, विद्यार्थी यांच्याशी त्यांनी संपर्क वाढविला. २१ सप्टेंबर १९८७ रोजी दलाई लामांनी वॉशिंग्टन येथे पाच कलमी शांतता योजना मांडली. जून १९८८ मध्ये स्ट्रासबर्ग येथे त्यांनी पुढचे पाऊल टाकले आणि संपूर्ण स्वातंत्र्याऐवजी खऱ्या स्वायत्ततेची मागणी केली. १९८९ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या संसदेने २००२ साली व पुन्हा २०२० साली तिबेटविषयक कायदे केले. जुलै २०२४ मध्ये तेथे आणखी एक कायदा झाला. त्यात चीनने दलाई लामांशी अथवा तिबेटी प्रतिनिधींशी विनाअट बोलणी करावीत यावर भर आहे.

या कार्याचे बळ सामान्य माणसांत आहे. दरवर्षी १० मार्चला जगातील अनेक शहरांत तिबेटी लोक मोर्चे काढतात. रजा घेऊन, दुकान बंद ठेवून, लहान मुलांना खांद्यावर घेऊन लोक येतात. राहत्या देशाच्या नागरिकत्वामुळे मिळालेले मत ते आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहिण्यासाठी, भेटीची वेळ मागण्यासाठी वापरतात.

तरीही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. २००२ ते २०१० या काळात दलाई लामांचे दूत व चीनचे अधिकारी यांच्यात बोलण्यांच्या नऊ फेऱ्या झाल्या. त्यांतून काही निष्पन्न झाले नाही. भारताने २००३ साली तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचे मान्य केले. २००८ साली तिबेटमध्ये मोठा उठाव झाला व तो दडपण्यात आला. २००९ पासून तिबेटी भागांत दीडशेहून अधिक लोकांनी स्वतःला जाळून घेतले. जगाने सहानुभूती पुष्कळ दाखविली, पण तिबेटी माणूस आजही आपल्या गावी परतू शकत नाही.

६. मतभेद आणि एकोपा

सर्व तिबेटी लोकांचे एकच मत आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. दलाई लामा व निर्वासित प्रशासन यांनी 'मध्यम मार्ग' स्वीकारला आहे. त्याचा अर्थ चीनच्या चौकटीत राहून भाषा, धर्म, शिक्षण व पर्यावरण यांबाबत खरी स्वायत्तता मिळविणे असा आहे. १९७० साली स्थापन झालेल्या तिबेटी युवक काँग्रेसला हे मान्य नाही. तिची मागणी संपूर्ण स्वातंत्र्याची आहे. ज्या पुरुषाला हे तरुण साक्षात करुणेचा अवतार मानतात, त्याच्याच राजकीय धोरणाला ते उघडपणे विरोध करतात.

अशा विरोधामुळे कधी कटुता येते, आरोप-प्रत्यारोप होतात. निवडणुकीच्या काळात प्रांत-प्रांतांतील जुनी चुरसही डोके वर काढते. परंतु मतभेद झाला म्हणून दुसरे शासन, दुसरी हिरवी पुस्तिका किंवा दुसरा १० मार्च कोणी काढला नाही. एका वर्षाच्या मतभेदातून दोन जयंती मंडळे व चार वर्षांत चार गट झालेले आपण पाहतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवीत आहोत.

७. शाळा, विहार आणि रंगमंच

ऑगस्ट १९५९ मध्ये, म्हणजे देश सोडून जेमतेम पाच महिने झाले असताना, कालिंपाँग येथे तिबेटी नाट्य-संगीताची संस्था स्थापन झाली. अंगावर धड वस्त्र नसताना गाणे व नाच कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु गाणारी म्हातारी माणसे मरण पावली की गाणीही त्यांच्याबरोबर जातील, हे त्या मंडळींनी ओळखले होते. ती संस्था आज धरमशाला येथे असून 'ल्हामो' या परंपरागत संगीत नाटकाचे शिक्षण तेथे दिले जाते.

१७ मे १९६० रोजी रस्तेबांधणीच्या छावण्यांतून एक्कावन्न आजारी व उपाशी मुले धरमशाला येथे आणण्यात आली. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ सुरू केला. १९६४ साली त्यांचे निधन झाल्यावर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ते काम हाती घेतले. यातूनच 'तिबेटी बालग्राम' ही मोठी शिक्षणसंस्था उभी राहिली. १९६१ साली वैद्यक व ज्योतिष संस्था, १९६७ साली सारनाथ येथे उच्च तिबेटी शिक्षणाची संस्था, १९७० साली धरमशाला येथे ग्रंथालय, असा हा क्रम पुढे चालू राहिला.

सारनाथच्या संस्थेचे महत्त्व आपल्यासाठी विशेष आहे. नालंदा, विक्रमशिला येथील महाविहार नष्ट झाले तेव्हा असंख्य बौद्ध ग्रंथ भारतातून नाहीसे झाले. त्यांतील कित्येकांचे भाषांतर त्यापूर्वीच तिबेटी भाषेत झाले होते. 'कांग्युर' व 'तेंग्युर' या महासंग्रहांत ते सुरक्षित राहिले. आज सारनाथ येथे तिबेटी व भारतीय पंडित एकत्र बसून अशा ग्रंथांचे तिबेटीतून पुन्हा संस्कृतात रूपांतर करीत आहेत. म्हणजे तिबेटी लोकांनी आपली संस्कृती जपली, ती जपताना भारताचा हरवलेला ठेवाही भारताला परत केला.

दैनंदिन जीवनातही ही जपणूक दिसते. लोसार म्हणजे नववर्षाचा सण. त्या दिवशी घरातील सर्वजण 'छुबा' हा पारंपरिक पोशाख घालतात. विवाहित स्त्रिया कमरेला रंगीत पट्ट्यांचे 'पांगदेन' बांधतात. सामूहिक फेर धरून 'गोरशे' नाच होतो. २००८ नंतर तिबेटमधील तरुणांनी एक साधी चळवळ सुरू केली. दर बुधवारी तिबेटी पोशाख घालायचा, तिबेटी पदार्थ खायचे, शुद्ध तिबेटी बोलायचे. तिला 'ल्हाकार' असे म्हणतात. परदेशातील तरुणांनीही ती उचलली. न घोषणा, न दगडफेक. आठवड्यातून एक दिवस आपल्या भाषेला द्यायचा.

आपल्या समाजातील वाचक येथे विचारतील की, अवतारी लामा, पुनर्जन्म, कर्मकांड या गोष्टी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील शिकवणुकीशी कशा जुळतात? त्या जुळत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. बाबासाहेबांनी दिलेला धम्म व तिबेटी परंपरा यांत तात्त्विक अंतर आहे. परंतु अंतर असूनही एकमेकांपासून शिकता येते. तिबेटी परंपरेतही परिवर्तन थांबलेले नाही. पूर्वी 'गेशे' ही सर्वोच्च विद्वत्तेची पदवी केवळ भिक्षूंना मिळे. भिक्षुणींना त्या अभ्यासक्रमाची दारे बंद होती. डिसेंबर २०१६ मध्ये मुंडगोड येथे वीस भिक्षुणींना प्रथमच 'गेशेमा' ही पदवी देण्यात आली. त्यामागे सतरा वर्षांहून अधिक काळाचा अभ्यास व चार वर्षांच्या परीक्षा होत्या. शेकडो वर्षांत जे मायदेशी घडले नाही, ते निर्वासित जीवनात घडले.

८. आजच्या अडचणी

२००९ साली निर्वासित प्रशासनाने केलेल्या गणनेत तिबेटबाहेरील तिबेटी लोकसंख्या १,२७,९३५ आढळली. त्यांपैकी ९४,२०३ लोक भारतात होते. त्यानंतर भारतातील संख्या सतत घटत आहे. तरुण मुले शिक्षण व रोजगारासाठी अमेरिका, कॅनडा, युरोप येथे जातात. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने एक हजार तिबेटींना प्रवेश दिला होता. त्यांच्यामागे त्यांची कुटुंबे गेली व न्यूयॉर्क, टोरोंटो येथे मोठ्या वस्त्या झाल्या. २००८ पूर्वी तिबेटमधून दरवर्षी दोन-तीन हजार लोक सीमा ओलांडून येत. आता ती वाट जवळजवळ बंद झाली आहे. त्यामुळे वसाहतींत वृद्ध माणसे उरली आणि शाळांतील पटसंख्या खाली आली.

दुसरी अडचण नागरिकत्वाची आहे. भारतातील बहुसंख्य तिबेटी कायद्याच्या भाषेत परदेशी आहेत. ठरावीक मुदतीने त्यांना नोंदणीपत्राचे नूतनीकरण करावे लागते. वसाहतीची जमीन त्यांच्या मालकीची नसते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. हा नियम तिबेटींनाही लागू आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली दिला. तरीही अनेकांनी अर्ज केला नाही. नागरिक झालो तर निर्वासित म्हणून असलेली ओळख जाईल व चळवळ दुबळी होईल, असे एक मत आहे. कागदावाचून मुलांनी किती पिढ्या नोकरी व घरासाठी अडून राहावे, असे दुसरे मत आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि निर्णय प्रत्येक कुटुंबाला स्वतः घ्यावा लागतो.

तिसरा प्रश्न वारसाचा आहे. ६ जुलै २०२५ रोजी दलाई लामांना नव्वद वर्षे पूर्ण झाली. त्याआधी २ जुलैला त्यांनी जाहीर केले की ही परंपरा पुढे चालू राहील आणि पुढील दलाई लामांचा शोध घेण्याचा अधिकार त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासालाच राहील. चीन सरकार तो अधिकार स्वतःचा असल्याचे सांगते. १९९५ साली दलाई लामांनी पंचेन लामा म्हणून मान्यता दिलेल्या सहा वर्षांच्या मुलाला चिनी अधिकाऱ्यांनी काही दिवसांतच ताब्यात घेतले. तेव्हापासून तो जगापुढे आलेला नाही. म्हणूनच ही चिंता केवळ धार्मिक नाही. दलाई लामांनी २०११ मध्येच सत्ता निवडून आलेल्या संस्थेकडे का सोपविली, याचे उत्तर येथे मिळते. उद्या नेता नसला, तरी मतपेटी राहील अशी व्यवस्था त्यांनी आपल्या हयातीत करून ठेवली.

९. आपण काय घ्यावे?

तिबेटी समाजाला देश परत मिळाला नाही. त्या अर्थाने त्यांची चळवळ अद्याप सफल झालेली नाही. परंतु देश नसतानाही समाज म्हणून टिकून राहणे ही लहान गोष्ट नव्हे. ते कशाने साधले, हे थोडक्यात पाहू.

(अ) त्यांनी मुलांच्या शाळांना व भाषेला पहिले स्थान दिले. घर मिळाले की शाळा काढू, असे म्हटले नाही.

(आ) त्यांनी नेत्यावर श्रद्धा ठेवली, पण कारभार नियमांवर व निवडणुकीवर चालविला.

(इ) त्यांनी प्रत्येकाकडून थोडी का होईना, वर्गणी घेतली व तिचा हिशेब ठेवला.

(ई) त्यांनी राजकीय कार्य व सांस्कृतिक कार्य वेगळे मानले नाही. १० मार्चच्या मोर्चात जाणारा तरुणच लोसारला फेर धरून नाचतो.

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज शिक्षण व नोकरीसाठी इंग्लंड, अमेरिका, आखाती देश येथे जात आहेत. तेथेही १४ एप्रिलची जयंती साजरी होते, ही अभिमानाची बाब आहे. जयंतीचा एक दिवस सरल्यावर उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे काय, हा प्रश्न तेथील व येथील कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारावा. मुलांसाठी रविवारची मराठी-पाली शाळा, वर्गणीची चोख वही, दर काही वर्षांनी होणारी कार्यकारिणीची खरी निवडणूक, आणि जेथे राहतो तेथील लोकप्रतिनिधीकडे आपले म्हणणे नीट मांडण्याची सवय, एवढ्या चार गोष्टी कोणत्याही शहरात पंधरा-वीस कुटुंबांना सुरू करता येतील.

आणि या हिवाळ्यात तिबेटी मार्केटला गेल्यावर भाव करण्याआधी विक्रेत्या ताईंना, भाऊंना एवढे अवश्य विचारावे, 'आपण कोणत्या वसाहतीतून आलात?' कदाचित उत्तर 'भंडारा' असेच येईल.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. निर्वासितांना विखरून न टाकता स्वतंत्र वसाहतींत ठेवण्याचा निर्णय महत्त्वाचा का ठरला?

२. १९६३ च्या मसुद्यातील कोणत्या कलमाला लोकांनी विरोध केला? दलाई लामांनी ते का ठेवले असावे?

३. 'ऐच्छिक वर्गणी' व 'कर' यांतील फरक हिरव्या पुस्तिकेच्या आधारे स्पष्ट करा.

४. भारतीय नागरिकत्व घ्यावे की निर्वासित म्हणून राहावे, या प्रश्नावर दोन्ही बाजू मांडा व आपले मत द्या.

५. आपल्या वस्तीतील मंडळाची घटना, वर्गणी व निवडणूक यांची माहिती मिळवून एक पानाचे टिपण लिहा.